हळदीच्या गाण्यातलं नाव

माझ्या थोरल्या जावेचं, झुंबरआक्काचं, डोकं एकदा फिरलं की ते ताळ्यावर आणणारा माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात नाही. धनश्रीच्या हळदीला डीजे ठरला तेव्हाच तिनं सांगून टाकलं, "ते डबडं वाजनार असंल तर मी मांडवात पाय ठिवनार न्हाई." आणि डीजे कोणाचा, तर तिच्याच पोराचा, कल्याणचा.

धनश्री माझी लेक, पण वाढवली आक्कानं. आम्ही नवराबायको दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचो आणि पोरगी आक्कापाशी राहायची. तिला ती मोठी आई म्हणते. त्यामुळं नवरदेवाकडची उष्टी हळद ताटात येऊन पडली तरी ही पाटावर हटून बसलेली. मोठी आई आल्याशिवाय अंगाला हळद लावून घेणार नाही म्हणाली. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले आणि माझा जीव टांगणीला लागला.

आक्काचं दुखणं मला कळत होतं. गावात हळदीचं गाणं म्हणावं तर तिनंच. त्या गाण्यात नवरीच्या एकेका माणसाचं नाव गुंफायचं असतं. एखाद्याचं राहिलं तर तो न जेवता उठून जातो. मग बेंजो आला, त्याच्यामागं टेम्पोवरचे स्पीकर आले. आता आरती असो, अंगाई असो नाहीतर लग्नाचं गाणं, खाली ठोका एकच, धाड धाड. कल्याणला एकदा विचारलं तर म्हणाला, "काकू, पोरांना नाचायचं असतंय. शब्द कोन ऐकतंय?" खोटं कशाला बोलू, भाकरी थापताना माझीही मान त्या ठोक्यावर हलते. आक्का मात्र विचारायची, गाणं काय पायानं ऐकायचं असतं का. गोल करून बसणाऱ्या बाया उठून नाचायला लागल्या आणि आक्काला बोलवायचं राहूनच गेलं.

मी तिला आणायला तिच्या घरी गेले. ती चुलीपुढं बसून पीठ मळत होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात हलवत परत आले, तर कल्याण म्हणाला की आता आईचंच गाणं लावतो, बघू कशी येत नाही ते. कोणीतरी कधीतरी मोबाईलवर घेतलेलं तिचं गाणं त्याच्याकडं होतं. खाली ठोका टाकून त्यानं ते तयारच ठेवलं होतं.

आक्काचा आवाज स्पीकरमधून निघाला आणि सगळा मांडव नाचायला उठला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. गाणं निम्म्यावर आलं असेल नसेल, तोच आक्का आली. पायात चप्पल नाही, दोन्ही हात पिठानं भरलेले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही की पाहुण्यांकडं. सरळ टेम्पोपाशी गेली आणि कल्याणला म्हणाली, "बंद कर ते."

कल्याणनं गाणं बंद केलं.

"माज्या धनूच्या हळदीला कडूबाईच्या पोरीचं नाव घेतो व्हय रं? सुकन्याची हळद झाली की कवाच."

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ते गाणं गावातल्याच सुकन्याच्या जुन्या हळदीतलं होतं. आई कडूबाई, नवरी सुकन्या, मामा त्यांचे, आत्या त्यांच्या. अख्खा मांडव दुसऱ्याच्या लेकीच्या नावावर नाचला आणि कोणाच्या ध्यानात आलं नाही. सख्ख्या आईच्याही नाही. कल्याण जीभ चावून म्हणाला, "आई, मी नुसता ठोकाच ऐकला."

मला आधी हसू फुटलं, मग रडू. कशी का होईना, आली होती एकदाची. धनश्रीनं पाटावरूनच हात पुढं केला आणि म्हणाली, "आता तूच म्हन, मोठी आई."

पिठाच्या हातानंच आक्कानं माईक धरला.

"हळदीला बसली कोणाची गं लेक? रतनच्या कुशीची धनश्री एक."

रतन म्हणजे मी. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. कल्याणनं हळूच खालून ठोका सोडला. आक्कानं डोळे वटारले, पण गाणं थांबवलं नाही. नुसतं हातानं बारीक कर म्हणाली. बाया नाचल्या, पण आता कान देऊन नाचल्या. मामा पुंजारामचं नाव आलं तसा त्यानं फेटाच उडवला.

सगळी नावं संपली आणि तिनं माईक खाली ठेवला. गाणारणीनं स्वतःचं नाव घ्यायचं नसतं, अशी रीत आहे. मला गाता येत नाही, माझा आवाज फुटक्या घागरीचा. तरी मी माईक उचलला.

"मांडीवर वाढली कोणाची गं लेक? झुंबरच्या मांडीची धनश्री एक."

कल्याणनं न सांगता ठोका बंद केला. नाव सगळ्यांना ऐकू गेलं. आक्कानं हात पदराला पुसले आणि पहिली हळद तिनं लावली.