चार टोकांचा प्लग

निवृत्त विज्ञानशिक्षकाला एखादी नवी वस्तू पटली की घरच्यांचं काही खरं नसतं. बाबांनी गाडीत चार टोकांचे स्पार्क प्लग बसवले आणि महिनाभर दुसरा विषय काढला नाही. साध्या प्लगला ठिणगीसाठी एकच टोक, याला चार. म्हणजे पेट्रोल नीट जळणार, धूर कमी, अ‍ॅव्हरेज जास्त. दुकानदाराने त्यांना जे पाच मिनिटांत सांगितलं, ते बाबा शेजाऱ्यांना जिन्यात अडवून अर्धा अर्धा तास समजावत.

गंमत म्हणजे अ‍ॅव्हरेज खरंच वाढलं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आई पुन्हा गाडीत बसायला लागली.

पूर्वी तिला त्या गाडीत मळमळायचं. बाबा सिग्नल सुटला की गोळीसारखे निघत आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक मारत. शाळेत त्यांना 'गचके सर' म्हणायचे, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या मळमळीचा बोल बाबा लावायचे गाडीला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! शेवटी आईने गाडीचं नाव टाकलं. बसच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, त्यामुळे गावाच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेल्या, माणसं विसरत चाललेल्या मावशीकडे जाणंही सुटलं. आता मात्र दर रविवारी दोघं मावशीकडे जात होती. प्लगची परीक्षा चाललीय म्हणून बाबा असं जपून चालवत, जणू मागच्या सीटवर काचसामान ठेवलंय.

लेक इंजिनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाबांनी तिच्याकडे हट्टच धरला.

"तुमच्या यंत्रावर मोजून दे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुला कोणी शिकवलं?"

त्यांनीच शिकवलं होतं. साहेबांची परवानगी काढून तिने एका सुट्टीच्या दिवशी गाडी चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर चढवली आणि धुराच्या नळीला यंत्र जोडलं. तिथे पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते आणि चालवणाऱ्याला ती तंतोतंत पाळावी लागते. कुणाचा पाय जड, कुणाचा हलका, हा भेदच उरत नाही. आधी बाबांनी काढून ठेवलेले जुने प्लग लावले, मग नवे साधे, मग चार टोकांचे. जुने झिजलेले होते, त्यांनी पेट्रोल थोडं जास्त खाल्लं. नवे साधे आणि चार टोकांचे यांच्यात मात्र ना पेट्रोलचा फरक, ना धुराचा. तिने पुन्हा मोजलं. तेच आलं. झिजलेले प्लग बदलल्याचा तेवढा फायदा, आणि बाबा ज्याची फुशारकी मारत होते त्याच्या पाव हिस्साही तो नव्हता. बाकीचं अ‍ॅव्हरेज बाबांच्या पायातून आलं होतं.

घरी आल्यावर तिने आधी आईला गाठून आकडे सांगितले. आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती.

"मला माहितीये," आई म्हणाली. "त्याला यंत्र कशाला हवं?"

"मग बोलली का नाहीस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तूही बोलू नकोस. परवाच्या रविवारी ताईने मला ओळखलं. एकदाच, पण ओळखलं. प्लगात काही नाही असं कळलं की हे पुन्हा पहिल्यासारखे चालवतील, आणि मी घरात."

तेवढ्यात बाबा चष्मा पुसत आले आणि समोर बसले. "हं, काय म्हणतात आकडे?"

'छान आहेत' एवढं म्हटलं की झालं असतं. आई मान खाली घालून सोलत राहिली. मावशीचा चेहरा लेकीच्याही डोळ्यांपुढे होता. पण हातात पट्टी धरायला शिकल्यापासून या माणसाला तिने कधी चुकीचं माप सांगितलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं.

"आणि उरलेलं अ‍ॅव्हरेज?"

"तुम्ही हळू चालवता, बाबा."

आता यंत्राचा उद्धार होणार, असं तिला वाटलं. पण बाबांनी फक्त मान डोलावली.

"प्लग बदलला आणि चालवणाराही बदलला," ते हळूच म्हणाले. "दोन गोष्टी एकदम. एखाद्या पोराने हे केलं असतं, तर मी त्याला नापास केलं असतं."

मग त्यांनी आईकडे पाहिलं. "म्हणजे तुला इतकी वर्षं मळमळायचं, ते..."

"हो."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुमच्या चालवण्याला नाव ठेवलं असतं, तर तुम्ही चिडून मला न्यायचंच बंद केलं असतं."

बाबांच्या ओठांवर 'छे' आलं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. आपण काय केलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लेकीला त्यांच्याकडे बघवेना.

"रविवारी गचका बसला तर सांग मला," ते आईला म्हणाले. "तिथल्या तिथे सांग."

आईचे हात थांबले. "रागावणार नाही?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले. "पण तू सांग."