करीमचाचांचा वारा

"चाचा, पंखा जरा डावीकडे!" चैताली गाडीतून ओरडली. करीमचाचांनी तो आधीच वळवला होता.

येरवड्यातल्या त्या गॅरेजात शर्यतीच्या गाड्या तपासणीसाठी जागच्या जागी धावत. पुढची चाकं जमिनीतल्या रोलरवर, गाडी पट्ट्यांनी करकचून बांधलेली. इंजिन जीव खाऊन ओरडायचं आणि गाडी इंचभरही पुढे जायची नाही. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीला तो कुणीतरी द्यावा लागतो. इथे तो करीमचाचा देत. कमरेएवढा लोखंडी पंखा सरकवत, रेडिएटरवर नेमका झोत धरून ते तरुणपणापासून उभे होते. तयार झालेल्या गाड्या चेन्नईच्या शर्यतींना जात, बक्षिसं आणत. चाचा सायकलवरून घरी जात. अंगणात गाड्या मागेपुढे लावण्यापलीकडे त्यांनी काही चालवलं नव्हतं. शंभरच्या पुढे काय वाटतं, हे ते प्रत्येक ड्रायव्हरला विचारत. "विचारता कशाला? बसा ना एकदा," असं त्यांची बायको रशीदा घरी म्हणे. पण ते बसले तर पंखा कोण धरणार?

आजची गाडी शेवटची, चैतालीची. जागा ऑफिसांच्या टॉवरला गेली होती, रोलर उद्या उखडून कोईमतूरला जाणार होते.

"चाचा, पंखा घरी न्या," मालक श्यामसुंदर साने म्हणाले. "उन्हाळ्यात अख्खी गल्ली गार झोपेल."

"झोपते कसली साहेब, उडून जाईल."

चैताली खराडीत कंप्युटरवर कमवायची आणि सगळं टायरांत घालवायची. ती गाडीतून उतरली.

"चाचा, तुम्ही बसा. पंखा मी धरते."

"मी? अगं बेटा, तुला जमायचं नाही."

"कुणाला शिकवलंच नाहीत, म्हणून अडकून पडलात. बसा!"

चाचांनी सान्यांकडे पाहिलं.

"बसा की," साने म्हणाले. "बांधलेलीच आहे, पळवून न्याल ही भीती नाही."

चाचांनी चपला बाहेर काढल्या आणि आत बसले. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. चौथा टाकल्यावर पाय खाली गेला आणि इंजिन थेट छातीत घुमायला लागलं. ज्यासाठी इतकी वर्षं जीव झुरला ते हेच, एवढं त्यांना कळत होतं. समोर चैताली सगळ्या अंगाचा भार देऊन पंखा धरत होती, तरी झोत सारखा हलत होता.

सान्यांनी हात वर केला. चाचांनी वेग उतरवून इंजिन बंद केलं. पंख्याचीच काय ती घरघर उरली.

"किती गेली, चाचा?" चैतालीने विचारलं.

चाचांनी वेगाच्या काट्याकडे पाहिलं; तो शून्यावर आला होता.

"अहो, स्पीड किती गेला?"

"बघायचा राहिला गं," ते म्हणाले. "मी पाणी किती तापलं, त्याचाच काटा बघत बसलो."

एरवी सान्यांनी यावर थट्टा केली असती. "बसा पुन्हा," ते म्हणाले. "पेट्रोल आहे अजून."

चाचांनी स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. पुन्हा बसावंसं त्यांना फार वाटत होतं.

"आता नको," ते म्हणाले. "बंद केली की जास्त तापते ती."

ते अनवाणीच उतरले, चैतालीच्या हातून पंखा घेतला आणि गाडीसमोर उभे राहिले.