तळ्यापलीकडचा मका

"सोळा पिवळे दाणे हायत ह्यात, अक्का. मोजून बगा," म्हणत पिराजींनी पांढऱ्या मक्याचं कणीस थेट माझ्या टाइपरायटरवर ठेवलं.

मी कपाळाला हात लावला. महिन्यातली ही तिसरी खेप. होसकोट्याकडच्या खेड्यातून दोन बस बदलून हा माणूस शहरात बसवनगुडीला येणार आणि आमच्या बियाणं कंपनीच्या ऑफिसात सगळ्या कानडी लोकांत मराठी बोलणारी मी एकटी म्हणून माझ्याच डोक्यावर येऊन बसणार. टायपिस्टच्या हातात काय असतं, हे त्यांना कितीदा सांगायचं?

त्यांच्या शेतासमोर, तळ्यापलीकडे, कंपनीनं चाचणीचा मका लावला होता. परदेशी प्रयोगशाळेत घडवलेलं पिवळं वाण. खोडकिडा लागत नाही म्हणे. त्याचा दाणा बी म्हणून ठेवायचा नाही, दरवर्षी कंपनीकडूनच घ्यायचा, ही अट मीच टाइप केली होती. पराग दुसऱ्याच्या मक्यावर पडू नयेत म्हणून मधे दोनशे मीटर अंतर हवं. फाइलमध्ये साडेचारशे होतं. आमच्या सुपरवायझरनं ते स्कूटरवरून मोजलं होतं, तळ्याला वळसा घालून, रस्त्यानं.

"पराग काय स्कूटरवरनं येतंय?" पिराजी म्हणाले. "वारं पाण्यावरनं सरळ येतंय. इकडनं हाक मारली तर तिकडं ऐकू जातंय, अक्का."

मी आमच्या मॅनेजरांना, सुमंतसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "फाइलमध्ये साडेचारशे आहे ना? मग झालं." साहेबांचं सगळं तिथंच व्हायचं.

पिराजींना पैसे नको होते. चाचणीचा प्लॉट तिथून हलवा, एवढंच. त्यांचं पांढरं बी आजोबांच्याही आधीचं. चार गावांतले लोक पेरणीला ते नेत आणि सुगीला मापभर मका आणून घालत; बियाण्यासाठी दुकानाची पायरी कुणी चढत नसे. आता दोन घरांनी पिवळे दाणे पाहून बी नाकारलं होतं. मी उत्तर टाइप केलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' टाइप करताना माझी मलाच चीड आली, पण केलं.

पुढच्या वर्षी सुगीनंतर ते आले ते हसतच. पिशवीत डझनभर कणसं.

"एक पिवळा दाणा न्हाई, अक्का. पेरायच्या आदी घरच्या सगळ्यांनी नखानं पिवळे काढून टाकले. ऱ्हाऊ दे तुमचा प्लॉट. ही तुमच्या परसात लावायला. चारी गावांत काल वाटून आलो, न्हाई म्हनलेले ते दोघंबी घेऊन गेले."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण जूनमध्ये मी एक कागद टाइप केला होता. इथले लोक पिवळा मका घेत नाहीत, म्हणून यंदा त्याच जागी त्याच जातीचं पांढरं वाण लावावं. साहेबांचा राग आला, माझा आला आणि इतकं खूश होऊन आल्याबद्दल पिराजींचाही आला.

"पिराजी, यंदा तिकडचा मकाही पांढराच होता."

त्यांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी एक कणीस उचलून खिडकीपाशी धरलं आणि सावकाश फिरवलं.

"मग ह्यातले त्यांचे कुठले?"

"दिसणार नाहीत. मलाही नाही, तुम्हालाही नाही."

"साहेबांला?"

"त्यांनाही नाही."

ते खुर्चीवर बसले. मी दिलेलं पाणी प्यायले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला उलट चार शब्द तरी सुनावता आले असते.

"सरी," कानडीत 'बरं' म्हणत शेवटी ते उठले. "लावू नका, अक्का. गिरणीत दळून घ्या."

"आणि वाटलेलं?"

"परत मागून आणायचं. दुसरं काय?"

रिकामी पिशवी घडी करून त्यांनी काखेत धरली. जिना उतरताना ते एकेका घराचं नाव घेत होते, कुठलं विसरायला नको म्हणून. खालच्या पायरीपर्यंत मला ती नावं ऐकू येत होती, आणि तरी यादी संपली नव्हती.