काखेत धबधबा

माणूस वाट चुकू नये म्हणून झाडावर पट्टा कसा मारायचा, हे ठिपकीला एकोणिसाव्या वर्षी मामानं शिकवलं. माणूस हमखास चुकावा म्हणून कसा मारायचा, हे ती चाळिशीत आपलं आपण शिकली.

जंगलखात्यात ती वाटा रंगवायची. चपलांवर, कोपरांवर, कानाच्या पाळीवर कायम रंगाचे ठिपके, म्हणून ठिपकी. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलेलं. तिच्या जंगलात दोन वाटा. पिवळी वाट वाहनतळापासून निघून वीस मिनिटांत धबधब्याच्या पायाशी पोचायची. निळी वाट फाट्यावरून उजवीकडे वळायची आणि अख्ख्या टेकडीला प्रदक्षिणा घालून, सात किलोमीटर पाय तुडवून, परत वाहनतळावरच्या कँटीनच्या मागच्या दाराशी यायची. तिच्यावर फक्त पक्षी बघणारे आणि बायकोशी भांडलेले जायचे. रंगवायचा नियम एकच : एका पट्ट्याशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे.

एका सोमवारी मामानं तिच्यापुढे पांढऱ्या रंगाचा डबा ठेवला. मामा म्हणजे तिच्या आईचा सख्खा भाऊ आणि त्याच जंगलाचा चौकीदार. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, त्यामुळे साहेबाच्या गाडीच्या सावलीलाही सलाम ठोकायचा.

“हा कशाला?”

“एक्केचाळीस झाडांवर फुल्या मारायच्यात. पाडायचीत ती. लोखंडी जिना होणार आहे, वाहनतळापासून थेट धबधब्यापर्यंत. वर काचेचा सज्जा, खाली फोटो काढायला हृदय.”

“कसलं हृदय?”

“प्लास्टिकचं. लाल. बटण दाबलं की पेटतं म्हणे.”

ठिपकीनं एक शिवी हासडली. मामानं ती ऐकलीच नाही असं दाखवलं.

वीस मिनिटं चालायचं ज्यांच्या जिवावर येतं, त्यांच्यासाठी एक्केचाळीस झाडं आडवी करायची. आणि त्यांच्यावर फुल्या मारायच्या कुणी? तर जिनं एकवीस वर्षं त्याच झाडांना हाताशी धरून लोकांना वाट दाखवली, तिनं. बकरं ज्यानं पाळलं त्याच्याच हातात सुरी द्यायची, हे कसायालाही सुचलं नसतं. असलं सुचायला कार्यालयच लागतं.

“शनिवारी पाहणी,” मामा म्हणाला. “बडे साहेब, इंजिनिअर आणि ठेकेदार येणार. धबधबा बघणार, सही करणार. रविवारी तुझ्या फुल्या, सोमवारी करवती.”

“आधी बघितलाय का त्यांच्यापैकी कुणी?”

“नकाशात.”

“तू नेणार त्यांना?”

“छे. साहेब म्हणाले, खुणा आहेत ना झाडांवर, मग चौकीदार कशाला मध्ये लुडबुडायला?”

ठिपकी हसली. मामाला ते हसू ठाऊक होतं. लहानपणी ती अशी हसली की शेजाऱ्याची सायकल दोन दिवस सापडायची नाही.

“पोरी, माझी पेन्शन आहे गं.”

“असू दे की. मी कुठे मागतेय?”

बुधवारपासून ती पहाटे निघायची आणि दिवेलागणीला परतायची. फाट्यापुढच्या पिवळ्या पट्ट्यांवर तिनं सालीच्या रंगाचा तपकिरी हात मारून ते गडप केले. निळ्या वाटेवरच्या एकशे बारा पट्ट्यांवर एकेक करून पिवळा चढवला. काम चोख. एका पट्ट्याशी उभं राहिलं की पुढचा दिसत होता.

शुक्रवारी मामा फाट्यावर आला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि मटकन खाली बसला.

“हे काय केलंस?”

“दुरुस्ती.”

“अगं, धबधब्याचा आवाज येतो इथे धडधडीत! बहिरे आहेत का ते?”

“बहिरे नाहीत. साहेब आहेत.”

शनिवारी दहाला गाडी आली. तिघांच्या पायांत कोरे बूट, किमतीची चिठ्ठीही अजून एकाच्या टाचेला. ठिपकी फाट्याजवळच्या करवंदीच्या जाळीत उकिडवी बसली होती.

ठेकेदार थबकला. “साहेब, आवाज डावीकडून येतोय.”

“जंगलात आवाज घुमतो,” इंजिनिअर म्हणाला. “खूण उजवीकडे आहे.”

“आणि हा बोर्ड वाचा,” बडे साहेब म्हणाले. बोर्डावर लिहिलं होतं : खुणा सोडून चालू नये, दंड होईल. “माझ्याच सहीनं लागलाय गेल्या वर्षी. आता मीच मोडू?”

गेले उजवीकडे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. यांच्या काखेत अख्खा धबधबा होता, धो धो कोसळत, आणि हे निघाले टेकडीला वळसा घालायला. पहिल्या अर्ध्या तासात आवाज मंदावला, मग संपलाच. पण दर वळणावर पिवळा पट्टा दिसायचा, आणि पट्टा दिसला की साहेबांचा चेहरा उजळायचा. “खूण आहे म्हणजे बरोबर चाललोय.” दुसऱ्या तासाला ठेकेदाराच्या बुटानं मगरीसारखा जबडा उघडला. इंजिनिअर एका उतारावर बसून घसरला आणि म्हणाला, मी मातीचा पोत तपासत होतो. तिसऱ्या तासाला तिघंही काठ्या टेकत चालत होते.

एक वाजता तिघं झाडीतून बाहेर पडले. समोर कँटीनचं मागचं दार. त्यापलीकडे त्यांचीच गाडी. दारात ठिपकी पाण्याचे पेले घेऊन उभी, मागे मामा सलाम करून ताठ.

“बघितला का साहेब धबधबा?” तिनं विचारलं.

आता ‘नाही’ म्हणायचं म्हणजे एकशे बारा खुणांच्या वाटेवर आपण हरवलो हे कबूल करायचं, तेही रंगवाल्या बाईसमोर. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

“बघितला,” बडे साहेब म्हणाले.

इंजिनिअरनं साहेबांकडे बघितलं. “अप्रतिम!”

“पाणी... भरपूर,” ठेकेदार म्हणाला.

इथे थांबली असती तर ती ठिपकी कसली! “आणि हत्तीखडक? पाण्यात सोंड सोडून बसलाय तो? आंधळ्यालाच दिसत नाही म्हणतात.”

असला खडक त्या जंगलात नव्हता. तिनं तो पेले भरता भरता जन्माला घातला होता.

“म्हणजे काय!” इंजिनिअर म्हणाला. “सोंड तर किती स्पष्ट.”

“मागचा पाय जरा झिजलाय,” ठेकेदारानं भर घातली.

“मी हात लावला त्याला,” बडे साहेब म्हणाले. मामाला असा ठसका लागला की त्याची पाठ चोळावी लागली.

मग ठेकेदारानं फाटका बूट काढून गुडघ्यावर घेतला आणि गळा काढला. “साहेब, एवढ्या लांब जिना? सात किलोमीटर लोखंड मी आणू कुठून?”

“पण नकाशात तर जवळ होतं,” साहेब म्हणाले.

“नकाशा सपाट असतो, साहेब,” इंजिनिअर पाय चोळत म्हणाला.

रविवारपासून तीन दिवस खपून ठिपकीनं रंग होते तसे केले. मध्येच बायकोशी भांडून निळ्या वाटेनं निघालेल्या एकाला तर दोन्ही रंग बघायला मिळाले. पंधरा दिवसांनी हुकूम आला. जिना रद्द. कारण एक, अंतर अवाजवी. कारण दोन, हत्तीखडक हे निसर्गाचं दुर्मीळ शिल्प असून बड्या साहेबांनी ते समक्ष तपासलं आहे, सबब तिथे बांधकाम नको. एक्केचाळीस झाडं उभी राहिली. हुकुमाच्या तळाशी मात्र एक ओळ होती : हत्तीखडकाशी ताबडतोब फलक लावावा.

“आता हत्ती कुठून आणायचा?” मामा डोकं धरून म्हणाला.

दोघं वीस मिनिटांत धबधब्याशी पोचली आणि दगड बघत फिरली.

“हा?”

“ही म्हैस वाटते.”

“मग तो?”

“तो तुझी मामी. दुपारची झोपलेली.”

शेवटी ठिपकी कंटाळली आणि जिथे माती मऊ लागली तिथे फलक ठोकून मोकळी झाली. दुसऱ्याच सुट्टीला एक कुटुंब आलं. बापानं फलक वाचला, बोट दाखवलं. “ती बघा सोंड!” बायको म्हणाली, अगबाई, खरंच. सासूबाईंनी चष्मा पुसून कानही शोधून काढले. एकाच्याही डोक्यात आलं नाही की दगडाकडे आधी बघावं आणि फलक मग वाचावा.

ती मंडळी गेल्यावर ठिपकी त्या दगडासमोर उभी राहिली. पुढून बघितलं, मागून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. दगड तो दगडच.

“काय माणसं असतात, मामा! लिहिलं की दिसतं यांना.”

मामा डोळे बारीक करून दगडाकडे बघत होता.

“पण ठिपके,” तो हळूच म्हणाला, “मागचा पाय खरंच झिजलाय गं.”