साठ टक्के पाऊस

मोबाइलवर संदेश आला, ‘उद्या दुपारी जोरदार पावसाची शक्यता साठ टक्के’, तेव्हा थोरल्याच्या शेतात कांद्याचे दहा ढीग उघड्यावर वाळत होते आणि व्यापाऱ्याची गाडी परवा यायची होती. भिजलेल्या कांद्याला व्यापारी हातसुद्धा लावत नाही.

थोरल्याने डोळे मिटून हिशेब केला. दहा ढिगांचे साठ टक्के म्हणजे सहा. घरात ताडपत्री होती तीही नेमकी सहा ढिगांपुरती. हवामान खातं आपल्या घरात डोकावून अंदाज काढतं, या विचाराने त्याला अगदी भरून आलं.

उरलेल्या चारांपुरती ताडपत्री धाकट्या भावाकडे होती. पण बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

“सहा झाकले की झालं,” तो बायकोला म्हणाला.

“आणि कुठले सहा, ते पावसाला कोण सांगणार?”

“तू शास्त्रात तोंड घालू नकोस.”

तिने शास्त्रालाच फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. पलीकडून कृषी सहायक बाई बोलली. रोज पन्नास जणांना तेच सांगून तिचा घसा बसला होता. “काका, असं आभाळ दहा वेळा आलं तर सहा वेळा पाऊस पडतो. पडला की सगळ्याच ढिगांवर पडतो. झाकायला तास जाईल, नाही झाकलं तर हंगाम. बघा बुवा.”

“बाई हुशार आहे,” फोन ठेवून थोरला म्हणाला, “पण अनुभव कमी.”

“मग चार ढीग तुमच्या अनुभवाने झाका,” म्हणत बायको आत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं झालं. सहा ढीग झाकलेले, चार उघडे. थोरला पाय ओढत बांधापाशी गेला. पलीकडे धाकटा विळ्याला धार लावत होता.

“साठ टक्के म्हणतायत,” थोरल्याने बांधावरच्या दगडाला सांगितलं. “चार ढिगांपुरतं काही मिळालं असतं तर...”

“दगडाकडे कुठली ताडपत्री?” धाकटा विळ्यावरून नजर न काढता म्हणाला.

थोरला दगडावरून धाकट्याकडे वळला. “तुझी दे ना रे.”

“सकाळीच काढून ठेवलीय. मेसेज काय तुला एकट्यालाच येतो?”

दोघांनी शेवटची गाठ मारली आणि पाऊस कोसळला. एक कांदा भिजला नाही.

गाडी भरून गेल्यावर थोरला न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. “साठ म्हणाले,” फेस लावलेल्या तोंडाने तो सगळ्यांना सांगत होता, “आणि पडला चांगला शंभर टक्के! खात्यात गणित येणारा एक माणूस नाही.”