डोळे उघडायचं बटण

आकुर्डीत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि माझा स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत आहे. निशिगंधा मॅडमचं काम चोख, तोंड फाटकं. तरीही रुक्मिणीबाई सलग तीन दिवस माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसल्या आणि मी त्यांना एकदाही हाकललं नाही. यावरून प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं ते समजा.

त्यांनी स्वतःच्या लग्नातला फोटो आणला होता. तीस वर्षांपूर्वीचा, हार घातल्यानंतर लगेचचा. नवरीमुलगी नवऱ्याकडे टक लावून बघतेय आणि नवरा, म्हणजे सयाजीराव, तिच्या शेजारी डोळे घट्ट मिटून उभा. रविवारी त्यांच्या चिखलीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. हा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा होता. फक्त सयाजीरावांचे डोळे तेवढे उघडून हवे होते.

“जाऊबाई तीस वरसं चिडवत्यात, भावजींनी डोळं झाकून लगीन केलं म्हणून,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “मी हसण्यावारी नेते. पण खरं सांगू का मॅडम? मला बी आता वाटाय लागलंय, ह्या माणसानं मला कधी नीट बघितलंच न्हाई.”

तसा सयाजीरावांचा दोष नव्हता. ते सोळाव्या वर्षापासून वेल्डर, सध्या महाळुंग्यातल्या एका वर्कशॉपमध्ये. रॉड टेकवण्याआधी तिथं वेल्डर “डोळे!” म्हणून ओरडतो आणि आजूबाजूचे सगळे डोळे मिटतात. वेल्डिंगचे बारीक टाके मारताना तर वेल्डर स्वतःही तोंडापुढं काळी काच न धरता नुसते डोळे मिटून घेतो. इतक्या वर्षांत सयाजीरावांना अशी सवय लागली, की समोर कुणी काही उगारलं आणि “रेडी” म्हणालं की पापण्या खाली. कंपनीच्या ओळखपत्रावरही डोळे मिटलेलेच. गेटवर नवा वॉचमन आला, की तो त्यांना आधी डोळे मिटायला लावतो, कार्डाशी ताडून बघतो आणि मगच आत सोडतो.

आता माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डोळे उघडा’ असं एक बटण आहे. ते दाबलं की सॉफ्टवेअर त्याच माणसाचा दुसरा फोटो शोधतं आणि त्यातले उघडे डोळे आणून बसवतं. सयाजीरावांचा तसा फोटो पृथ्वीतलावर नव्हता. मग सॉफ्टवेअरनं गप्प बसावं की नाही? त्यानं माझ्या कॉम्प्युटरमधल्या बाकीच्या गिऱ्हाइकांचे डोळे उचलायला सुरुवात केली.

पहिले बसले ते सकाळीच पासपोर्ट फोटो काढून गेलेल्या सोपानराव हेडमास्तरांचे.

“ह्यो तर मला छडी मारंल,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

दुसरे बसले ते कुणाच्या तरी पोळ्याच्या फोटोतल्या बैलाचे. रुक्मिणीबाईंनी ते बराच वेळ न्याहाळले.

“हे मायाळू हायेत,” त्या म्हणाल्या. “पण नको. जाऊबाई वळखतील.”

मी संतापून हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे अनिश नावाचे एक अत्यंत शांत गृहस्थ होते. शांत माणसांचा मला आधीच राग येतो.

“मॅडम, एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा.”

“काय, सॉफ्टवेअर की नवरा?”

त्यांनी जरा विचार केला. “आधी सॉफ्टवेअर,” ते म्हणाले.

केलं. या खेपेला त्यानं फोटोत शेजारी उभ्या असलेल्या रुक्मिणीबाईंचेच डोळे सयाजीरावांना बसवले. मुंडावळ्या, मिशी आणि डोळ्यांत भरगच्च काजळ. मी माउस आपटला.

तिसऱ्या दिवशी मी खुद्द सयाजीरावांनाच बोलावलं. बिचारे कामावरून थेट आले. फ्लॅश बंद ठेवला, डोळे मिटले. मोबाइल पडद्याआड लपवला, मिटले. शेवटी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला. दोन्ही मिनिटं मिटलेले.

“मुद्दाम न्हाई करत, मॅडम,” ते ओशाळून म्हणाले. “तुमी श्वास रोखला की मला कळतंय.”

मी त्यांना समोरच्या टपरीवर चहा प्यायला पाठवलं. रुक्मिणीबाई स्क्रीनकडे बघत बसल्या होत्या.

“मॅडम, ह्या बटणानं डोळं मिटत्यात का?”

“म्हणजे?”

“त्यांचं न्हाई उघडत, तर माझं मिटून टाका. मी एकटीच कशाला बघत बसू?”

  फार वाईट वाटलं मला त्या बाईचं. मी मुकाट्यानं उलटं काम केलं, सयाजीरावांच्या मिटलेल्या पापण्या उचलून रुक्मिणीबाईंच्या चेहऱ्यावर बसवायला सांगितल्या. तीन दिवस माझं रक्त आटवलेल्या त्या सॉफ्टवेअरनं हे काम एका सेकंदात, सुईच्या टोकाइतकीही चूक न करता केलं. आरतीला उभं राहिल्यासारखे दोघं शेजारी शेजारी डोळे मिटून उभे राहिले.

एवढ्यात सयाजीराव चहा घेऊन परत आले. ते स्क्रीनसमोर थांबले आणि बघतच राहिले. डोळे टक्क उघडे, पापणी लवत नव्हती. मी हळूच मोबाइलकडे हात नेला. हाच तो फोटो! पण ते बोलायला लागले आणि माझा हात तसाच राहिला.

“ही अशीच दिसती,” ते म्हणाले.

“कशी?” रुक्मिणीबाईंनी विचारलं.

“सेकंड शिफ्ट सुटून घरी यायचो तवा तू झोपलेली असायचीस. दहा बाय दहाची खोली. मी हितं जेवायला बसायचो, तू तितं. ताट वाढून घ्यायचो आन् तुझ्याकडं बघत जेवायचो. हाच चेहरा.”

रुक्मिणीबाई स्टुलावरून उठल्या. त्या रागावल्या होत्या, हे मी शपथेवर सांगते.

“आन् मला उठवायचं न्हाई व्हय? एकदा तरी?”

“उठवल्यावर बघता आलं असतं का?” सयाजीराव म्हणाले. “तू बघाय लागलीस की मला लाजल्यागत हुतंय.”

रुक्मिणीबाईंनी स्क्रीनवरचा तो फोटो जवळ जाऊन बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ह्योच मोठा करा,” आणि आधी सांगितलेल्या मापाच्या दुप्पट माप सांगितलं.