बसमधून कोण उतरतं

रेडिओकाकांनी स्पिरिटचा बोळा फिरवून व्हीसीआरचं हेड पुसलं, कॅसेट पुन्हा आत सरकवली आणि बटण दाबलं. आत कर्रकन आवाज झाला. कॅसेट बाहेर काढली तेव्हा टेपचा गुंता लोंबत होता. गल्लीतले निम्मे रेडिओ आणि टीव्ही ज्यांच्या हातून बरे होऊन गेले, त्यांना हा गुंता सुटायचा नाही हे एका नजरेत कळलं. तरी ते तासभर पेन्सिल घालून टेप गुंडाळत बसले.

काकू जाऊन दोन महिने झाले होते, आणि हा दोघांचा सिनेमा होता.

सिनेमा ऑस्ट्रेलियातला, जुना. रखरखीत माळ, पत्र्याचं घर, पंप दुरुस्त करणारा एक विधुर बाप आणि ट्रकमध्ये त्याच्या शेजारी ऐटीत बसणारा कुत्रा. मुलगी भांडून शहरात गेलेली. बस फक्त शुक्रवारी येते, म्हणून बाप फक्त शुक्रवारी दाढी करतो. शेजारी त्याची यथेच्छ टिंगल करतात, तोही त्यांना सोडत नाही. हसता हसता आवंढा कधी येतो ते कळत नाही. काका-काकूंचं इंग्रजी बेताचंच होतं. पण गाल फुगवून दाढी करणारा तो बाप समजायला भाषा लागत नव्हती.

शेवटी बस थांबते, धूळ उडते, दार उघडतं आणि त्यातून थेट क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो. टीव्हीवरून टेप केलेला सिनेमा दोघांनी बघायच्या आधीच काकांनी त्याच्या शेवटावर मॅच टेप केली होती.

"जगाचे टीव्ही दुरुस्त करतात आणि घरात हा उजेड पाडतात," काकू दर वेळी म्हणत.

मग ठरलेलं भांडण. तीस वर्षं तेच.

"मुलगीच उतरते."

"ड्रायव्हर उतरतो. पार्सल द्यायला."

"तुम्हाला मन आहे का हो? आत नुसत्या वायरी!"

पूर्ण सिनेमा शोधायचा नाही, असं दोघांत ठरलेलं होतं. शेवट कळला तर भांडायचं कशावरून?

पण आता कॅसेटच गेली. चौकातल्या फिल्म क्लबच्या लायब्ररीत काका गेले, ते सिनेमातली बस येईपर्यंतच बघायचं, असं स्वतःला बजावून. लायब्ररीतल्या बाईंनी कपाटातून डीव्हीडी काढली.

"ही कोणी नेत नाही बघा. काकूंनी तेवढी नेली होती एकदा."

"कोणत्या काकूंनी?"

"आपल्याच की."

कार्डावर एकच सही होती. किराणाच्या यादीवर आयुष्यभर पाहिलेलं तिरकं अक्षर. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, काकांच्या बायपासच्या आदल्या दिवसाची.

तो दिवस काकांना लख्ख आठवत होता. संध्याकाळी काकू दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. काय झालं विचारल्यावर "कांदे चिरत होते" म्हणाल्या. मग काकांचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "येते हो ती मुलगी. पैज लावते. घरी या, मग भांडू."

दुपारी घराचं दार लावून काकांनी सिनेमा लावला. बस आली, धूळ उडाली, दार उघडलं. रिमोट हातात असूनही त्यांचं बोट हललं नाही.

ड्रायव्हर उतरला. हातात पार्सल होतं.

बापाने ते घेतलं, मुलीच्या खुर्चीवर न उघडताच ठेवलं आणि ड्रायव्हरला चहा दिला. कुत्र्याने ड्रायव्हरची टोपी पळवली, दोघं पोट धरून हसले. मग बस गेली. पुढच्या शुक्रवारी बाप पुन्हा आरशासमोर गाल फुगवून उभा राहिला. संपलं.

म्हणजे काका जिंकले होते. आणि काकूंना ते नऊ वर्षं माहीत होतं. नऊ वर्षं ती बाई हरलेली पैज छातीठोकपणे लढवत राहिली होती. काकांनी टॉवेल तोंडात धरला आणि ते हमसून हमसून रडले. जिंकण्याचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाढी करून ते डीव्हीडी परत द्यायला गेले. बाईंनी कार्ड पुढे सरकवलं.

"इथे सही करा. शेवट चांगला आहे का हो काका? मला रडके सिनेमे सोसत नाहीत."

काकांनी खिशातून पेन काढलं.

"चांगला आहे. मुलगी परत येते."

"हो, काकूही तेव्हा हेच म्हणाल्या होत्या."

काकांनी कार्ड जवळ ओढलं. मग त्यांनी त्या तिरक्या सहीखाली, अगदी खेटून, आपली सही केली.

"म्हणजे एकदाचं आमचं एकमत झालं म्हणायचं," ते म्हणाले.